औषध अचूक, तरी संसर्ग तसाच : जिवाणूंची वस्ती मोडणारे रसायनशास्त्र

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या आठवड्यात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविषयी जगभर जनजागृती केली जाते, आणि त्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांतही प्रतिजैविके निकामी होत चालल्याचे मथळे येतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा होता की, २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. हे आकडे वाचले की मला दरवेळी माझ्या आत्याचा गुडघा आठवतो, कारण तिच्या बाबतीत जे घडले ते या मथळ्यांत कुठेच बसत नव्हते.

आत्याचा गुडघा बदलून दीड वर्ष झाले होते. एका पावसाळ्यात तो सुजला, हाताला गरम लागू लागला, आणि जुन्या टाक्यांच्या व्रणाशेजारी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडून त्यातून पाणी झिरपू लागले. सांध्यातले पाणी काढून तपासायला पाठवले. काही दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे नाव होते आणि त्याखाली औषधांची लांबलचक यादी होती. यादीतल्या बहुतेक औषधांपुढे ‘एस’ हे अक्षर होते. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, अर्थात हा जिवाणू या औषधाने मरतो. सलाइनमधून औषध सुरू झाले, ताप उतरला, आत्या परळच्या घरी परतली, आणि औषध थांबल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तीच सूज, तेच झिरपणे. दुसऱ्यांदाही असेच झाले तेव्हा तिने विचारले, “डॉक्टर, औषध बरोबर आहे असं तुम्हीच म्हणता, मग गुण का येत नाही?” डॉक्टर म्हणाले, “काकू, औषध जिवाणूला लागू पडतंय. पण जिवाणू त्या धातूवर घर करून बसलेत, आणि त्या घरापुढे औषधाचं काही चालत नाही.”

जिवाणूंच्या या घराला बायोफिल्म म्हणतात. ते कसे बांधले जाते, औषध त्याच्यापुढे का हरते आणि ते मोडण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत कोणत्या नव्या वाटा शोधल्या आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे.

## पिंपाच्या आतला बुळबुळीतपणा

मुंबईत ज्या घरांत पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे मोरीत पाण्याचे प्लास्टिकचे पिंप असतेच. आठवडाभर न घासलेल्या पिंपात हात घालून आतल्या बाजूवरून बोट फिरवले, तर पाणी अगदी नितळ दिसत असूनही बोटाला निसरडा थर लागतो. तो थर म्हणजे बायोफिल्म. मोरीच्या जाळीखालचा चिकट थर, सकाळी उठल्यावर जिभेला दातांवर जाणवणारे खरखरीत किटण, ही त्याचीच रूपे आहेत.

पाण्यात सुटा फिरणारा जिवाणू एखाद्या पृष्ठभागाला टेकतो, काही वेळात घट्ट चिकटतो, तिथेच त्याची संख्या वाढते, आणि मग हे सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट द्रव्य पाझरू लागतात. या द्रव्याला आपण लेखापुरते ‘खळ’ म्हणू, कारण त्याचा गुणधर्म घरी पिठापासून केलेल्या खळीसारखाच असतो. तिच्यात मुख्यतः लांब साखळ्यांच्या शर्करा, प्रथिने आणि मेलेल्या जिवाणूंमधून बाहेर पडलेला डीएनए असतो. डीएनए हा आनुवंशिक माहितीचा रेणू आपल्याला ठाऊक असतो, पण इथे तो चक्क बांधकामाला वापरला जातो, आणि तो विकराने, म्हणजे एन्झाइमने, तोडला तर काही जिवाणूंचे कोवळे घर विरघळते, हे २००२ मध्ये दाखवले गेले.

सूक्ष्मदर्शकातून जिवाणू प्रथम पाहणाऱ्या डच संशोधक लेव्हनहुक यांनी सतराव्या शतकातच स्वतःच्या दातांवरचे किटण तपासताना असे नोंदवले होते की, व्हिनेगरने चूळ भरली तर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, आतले मात्र तसेच राहतात. आत्याच्या रिपोर्टचे कोडे त्या जुन्या नोंदीत जवळजवळ पूर्ण मांडलेले आहे.

शरीरात एखादी परकी वस्तू असेल तर हे घर बांधणे जिवाणूंना फारच सोपे जाते. १९५७ साली स्वयंसेवकांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी लाखो स्टॅफिलोकॉकस लागत, पण शिवणकामाचा एक टाका असेल तर काही शेच पुरत. कृत्रिम सांधा, हृदयाची कृत्रिम झडप, लघवीची नळी किंवा डायलिसिसची नळी या सगळ्या वस्तू जिवाणूंच्या दृष्टीने त्या टाक्यासारख्याच आहेत.

## ‘एस’ लिहिलेले औषध का हरते?

प्रयोगशाळेतील नेहमीची चाचणी सुट्या, भरभर वाढणाऱ्या जिवाणूंवर केली जाते. औषधाच्या किती कमी मात्रेला त्यांची वाढ थांबते, एवढेच ती सांगते. ती खोटी नसते, पण गुडघ्यातले जिवाणू त्या चाचणीतल्यासारखे राहत नाहीत. घरात बसलेल्या जिवाणूंना मारायला कधीकधी त्याच औषधाची हजारपटीपर्यंत मात्रा लागते, आणि तेवढी मात्रा माणसाला देता येत नाही.

इथे दोन शब्दांतला फरक पक्का करायला हवा. प्रतिरोध म्हणजे जिवाणूच्या जनुकांत झालेला बदल. असा जिवाणू सुटा असला तरी औषधाला दाद देत नाही, आणि त्याची संततीही देत नाही. सहनशीलता म्हणजे जनुके तीच असूनही परिस्थितीमुळे तगून राहणे, त्यामुळे त्याला घरातून बाहेर काढून वाढवले की तो पुन्हा त्याच औषधाने मरतो. आत्याच्या गुडघ्यात दुसरा प्रकार होता. वाईट म्हणजे पहिला प्रकार पुष्कळदा दुसऱ्यातूनच जन्म घेतो, कारण दाटीने राहणारे जिवाणू एकमेकांना जनुके देतात आणि अपुऱ्या मात्रेचे औषध त्यांना दीर्घकाळ चाटून जात राहते.

तगून राहण्याची कारणे अनेक आहेत. काही औषधांच्या रेणूंवर धन प्रभार असतो आणि खळीतल्या डीएनएवर ऋण प्रभार, त्यामुळे ती औषधे आत पोहोचण्यापूर्वी खळीलाच चिकटून बसतात. पिंपात क्लोरीनच्या गोळ्या टाकल्यावर हेच होते, कारण क्लोरीन थराच्या वरच्या भागाशी अभिक्रिया करण्यातच संपून जाते. म्हणून पिंप आधी घासायचे असते आणि क्लोरीन नंतर टाकायचे असते.

खळ ही भिंतच आहे असे मात्र नाही, कारण पुष्कळ औषधे तिच्यातून पार होतात. माझ्या मते खरी अडचण आत आहे. थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी पोहोचते, त्यामुळे तिथले जिवाणू जवळजवळ काहीच करत नाहीत. पेनिसिलिन नवी पेशीभिंत बांधण्याच्या कामात अडथळा आणते, पण जिथे बांधकामच बंद आहे तिथे ते कशात अडथळा आणणार? १९४४ मध्ये डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनच्या माऱ्यातून सुमारे दहा लाखांत एक स्टॅफिलोकॉकस वाचतो असे पाहिले आणि अशा जिवाणूंना ‘पर्सिस्टर’ असे नाव दिले. आपण त्यांना निद्रिस्त जिवाणू म्हणू. औषधाचा कोर्स संपला की हे जागे होतात, आणि पंधरा दिवसांत गुडघा पुन्हा सुजतो.

आत्याचा सांधा शेवटी काढावा लागला. आतली बाजू खरवडून धुतली, रिकाम्या जागेत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला, आणि काही आठवड्यांनी नवा सांधा घातला. मधल्या काळात तिला जे औषध सलाइनमधून दिले, ते पहिल्या दोन खेपांचेच होते. घर काढून टाकल्यावर त्याच औषधाने काम केले. पण सत्तरीच्या आसपासच्या बाईला त्यासाठी दोन मोठ्या शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या, आणि जी मोडतोड हत्याराने करावी लागली ती एखाद्या रेणूकडून करून घेता येईल का, हाच या संशोधनाचा गाभा आहे.

## न मारता हरवण्याचे मार्ग

जिवाणूला न मारणारे औषध ही कल्पना विचित्र वाटते, पण ते आपल्या घरात कधीचेच आहे. अमॉक्सिसिलिनसोबत गोळीत येणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः फारसे जिवाणू मारत नाही, ते फक्त अमॉक्सिसिलिन तोडणारे जिवाणूंचे विकर निकामी करते. बायोफिल्मविरोधी रेणूंची भूमिका अशाच साथीदाराची आहे.

पहिला मार्ग चिकटूच न देण्याचा. मूत्राशयात संसर्ग करणारा ई. कोलाय आपल्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाने पेशींवरील मॅनोज ही शर्करा पकडतो, म्हणून त्या टोकावर जाऊन बसणारे मॅनोजसदृश रेणू बनवले गेले आणि उंदरांत ते प्रभावी ठरले. साध्या मॅनोजची पूड मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत वारंवारचा मूत्रसंसर्ग रोखू शकली नाही. तत्त्व बरोबर असले तरी त्यातून औषध तयार होतेच असे नाही, हे इथे दिसते.

दुसरा मार्ग संवाद तोडण्याचा. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसेच अनेक जिवाणू आपण पुरेसे जमलो आहोत का हे पाहूनच खळ आणि विषे बनवण्याचा निर्णय घेतात. प्रत्येक जण एक छोटा रेणू बाहेर सोडतो, आणि आसपास त्या रेणूचे प्रमाण वाढले की गर्दी झाल्याचे सगळ्यांना कळते. १९७० मध्ये समुद्रातील प्रकाशमान जिवाणूंत हे प्रथम स्पष्ट झाले, आणि १९९४ मध्ये त्याला गणपूर्तीवरूनच ‘कोरम सेन्सिंग’ हे इंग्रजी नाव मिळाले.

हा संवाद बिघडवण्याची युक्ती समुद्रानेच दाखवली. पावसाळ्यातील मासेमारीबंदीत, जून आणि जुलैमध्ये, वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात ओढून ठेवलेल्या होड्यांच्या तळावर शंख-शिंपल्यांचा जो जाड थर खरवडला जातो, त्याची सुरुवात पुष्कळदा जिवाणूंच्या निसरड्या पटलापासून होते. समुद्रात बुडालेले जवळजवळ सगळे असेच भरून जाते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्रा हे तांबडे शैवाल मात्र स्वच्छ राहते, आणि त्याचे कारण शोधताना १९९०च्या दशकात त्यात ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोन सापडले, जे जिवाणूंच्या निरोप्या रेणूसारखे दिसतात आणि त्याची जागा अडवतात. फ्युरॅनोन माणसाला देण्याइतके सुरक्षित ठरले नाहीत, पाण्यात ते टिकतही नाहीत, पण त्यांनी रसायनशास्त्रज्ञांना नमुना दिला. समुद्री स्पंजातील ओरॉइडिन या रेणूवरून बेतलेले अमिनोइमिडाझोल वर्गातले रेणूही असेच पुढे आले. त्यांतले काही रेणू बायोफिल्म रोखतात आणि प्रयोगशाळेत जुन्या प्रतिजैविकांना पुन्हा धार आणतात.

तिसरा मार्ग खळच तोडण्याचा. डिस्पर्सिन-बी हे विकर तोंडातल्या एका जिवाणूकडूनच मिळाले, कारण त्यालाही कधीतरी स्वतःचे घर सोडून बाहेर पडावे लागते. ते खळीतल्या एका शर्करेची साखळी कापते. डीएनए कापणारे विकर १९९३ पासून सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजारात औषध म्हणून वापरले जाते, पण तिथे त्याचे मुख्य काम कफातील मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए पातळ करणे हे आहे.

## घर सोडण्याचा खोटा निरोप

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चौथा मार्ग, म्हणजे जिवाणूंना स्वतःहून घर सोडायला लावण्याचा. पुष्कळ जिवाणूंमध्ये सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा एक आतला रेणू असतो, जो इस्रायलमधील मोशे बेन्झिमान यांच्या गटाने १९८७ मध्ये शोधला. त्याचे प्रमाण वाढले की जिवाणू बसकण मारतो, आणि कमी झाले की सुटा होऊन निघून जातो. २००६ मध्ये असे दिसले की, नायट्रिक ऑक्साइड या वायूची अगदी अल्प मात्रा स्यूडोमोनास या चिवट जिवाणूला घर सोडायला लावते. जास्त मात्रेत हा वायू विषारी असतो, पण इथे इतका कमी लागतो की तो विष म्हणून नव्हे, निरोप म्हणून काम करतो.

अडचण अशी की वायू शरीरभर पसरतो, तर निरोप फक्त बायोफिल्मपाशी पोहोचायला हवा. यावर एका संशोधकगटाने काढलेला तोडगा फार बुद्धिमान आहे. सेफॅलोस्पोरिन वर्गाच्या प्रतिजैविकाला तोडण्यासाठी प्रतिरोधक जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे विकर बनवतात, आणि हाच त्यांच्या प्रतिरोधाचा मोठा आधार असतो. संशोधकांनी सेफॅलोस्पोरिनच्या सांगाड्याला नायट्रिक ऑक्साइड सोडणारा एक भाग जोडला, असा की सांगाडा अख्खा असेपर्यंत तो गप्प राहतो. जिवाणू नेहमीप्रमाणे आपले विकर चालवून औषध कापतो, आणि कापताक्षणी जोडलेला भाग सुटून तिथेच नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे औषधाला निकामी करणारे हत्यारच जिवाणूंना घराबाहेर काढते, आणि तेही जिथे ते विकर असेल तिथेच. हे अजून प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे, तरीही प्रतिरोधाकडे केवळ संकट म्हणून न पाहता त्याचीच कळ वापरायची, हा विचार मला या क्षेत्रातला सर्वांत आशादायक वाटतो.

लोहाचाही एक मार्ग आहे. जिवाणूंना वाढीसाठी लोह लागते, आणि गॅलिअम हा धातू त्यांना लोहासारखाच वाटतो, पण आत गेल्यावर लोहाचे काम करू शकत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर त्याची छोटी चाचणी झाली आहे.

## मोकळे झालेले जिवाणू रक्तात गेले तर?

ही शंका रास्त आहे आणि ती टाळून चालणार नाही. उंदरांच्या जखमेतील बायोफिल्म विकराने मोडल्यावर एकाच वेळी सुटलेले जिवाणू रक्तात पसरून प्राणघातक संसर्ग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून घर मोडणारा रेणू एकट्याने देणे धोक्याचे आहे, आणि मोकळ्या जिवाणूंना लगेच मारणारे प्रतिजैविक त्याच वेळी पुरेशा प्रमाणात रक्तात असावे लागते. सुटा झालेला जिवाणू जागा असतो, वाढू लागतो, आणि रिपोर्टमधला ‘एस’ त्याच्या बाबतीत खरा ठरतो.

## या रेणूंनाही जिवाणू सरावतील का?

मारले जात नसल्याने निवडीचा दबाव कमी राहील आणि त्यामुळे प्रतिरोध येणार नाही, असे सुरुवातीला आत्मविश्वासाने म्हटले जाई. ते पूर्ण खरे नाही. फ्युरॅनोन बाहेर फेकून देणारे स्यूडोमोनास आढळले आहेत. दबाव कमी असेल, पण तो शून्य नाही, आणि हे रेणूही जपूनच वापरावे लागतील. जोडीने देण्याचे महत्त्व आपल्याला ओळखीच्या एका औषधातही दिसते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन स्टॅफिलोकॉकसच्या बायोफिल्मवरही चांगले चालते, पण एकटे दिल्यास जिवाणू त्याला फार लवकर प्रतिरोधक होतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत शरीरातील धातू न काढता उपचार पूर्ण केलेल्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसोबत रिफॅम्पिसिन मिळालेले १२ पैकी १२ रुग्ण बरे झाले, तर त्याशिवाय १२ पैकी ७.

## मग हळद किंवा व्हिनेगर का चालणार नाही?

हळदीतले कर्क्युमिन बायोफिल्म रोखते असे सांगणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत. पण हा रेणू शरीरात लवकर मोडतो, रक्तात फारच कमी पोहोचतो आणि प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांना फसवतो, असा सविस्तर इशारा औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दिला आहे. व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्ल भाजलेल्या जखमांवर विरल करून रुग्णालयांत वापरले जाते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि फक्त बाहेरून. धातूच्या सांध्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही.

## आज हाताशी काय आहे?

वर सांगितलेले बहुतेक रेणू अजून औषधाच्या दुकानापासून दूर आहेत. त्यातल्या त्यात जवळचे यश नळ्यांच्या बाबतीत मिळाले आहे. डायलिसिसच्या नळीत दोन डायलिसिसच्या मधल्या काळात भरून ठेवण्याचे टॉरोलिडीन (जिवाणू मारणारे) आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे) यांचे द्रावण अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले, आणि त्याच्या चाचणीत नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचा धोका सुमारे ७१ टक्क्यांनी कमी झाला. औषध शरीरभर न फिरवता पृष्ठभागापाशीच ठेवायचे, हा त्यातला मुद्दा आहे, आणि माझा अंदाज असा की पुढची यशेही आधी नळ्या, टाके आणि सांध्यांच्या लेपांतच दिसतील, गोळीच्या रूपात नंतर.

तोपर्यंत घरातले माणूस रुग्णालयात असेल तर एक गोष्ट नातेवाइकांच्या हातात आहे. लघवीची नळी असताना दर दिवसागणिक लघवीत जिवाणू दिसू लागण्याचा धोका सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जातो. काही जिवाणू, विशेषतः प्रोटियस, लघवीतला युरिया तोडून ती अल्कधर्मी करतात आणि मग क्षारांचे खडे साचून नळी आतून बुजते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील, जमिनीला टेकणार नाही आणि नळीला पीळ पडणार नाही, एवढे आपण पाहू शकतो. ‘लघवी होत नाहीये’ असे रुग्ण सांगत असेल तर नळी बुजली आहे का हे नर्सला लगेच पाहायला सांगावे. आणि रोज सकाळी डॉक्टर फेरीवर आले की विचारावे, “डॉक्टर, ही नळी आज काढता येईल का?”